ब्रेक तपासले, ठीक

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तशी मी काही पोटात ठेवणारी बाई नाही – कुणाची सून कुणाशी भांडली हे मला कळलं की म्हैसूरच्या आमच्या लष्कर मोहल्ल्यात पसरायला अर्धा दिवस पुरतो. पण ही एक गोष्ट अठरा वर्षं आत बसून आहे. दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून उठले. आता लिहून बघते. लिहिताना निदान समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

मी तेव्हा मेटगळ्ळीला, गाड्यांच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस काउंटरवर होते. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की तक्रार विचारायची, जॉब कार्डावर लिहायची, कार्ड मेकॅनिकला द्यायचं, आणि काम झालं की गिऱ्हाइकाला समजावून किल्ली परत करायची. काउंटरवर बाई मी एकटी, आणि मराठी बोलणारीही मी एकटीच. त्यामुळे म्हैसूरमधली आपली जेवढी घरं – शिंपी, मास्तर, हापिसात जाणारे – सगळे माझ्याकडेच यायचे. ‘मंगला आहे की तिथं’, म्हणायचे. याचा मला गर्व होता. फार होता. तो इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

वसंतकाका त्यांतलेच एक. नात्याचे कोणी नव्हेत. ते शाळेत गणिताचे मास्तर आणि माझे वडील शिंपी. काकांच्या पँटी आमच्या दुकानात शिवल्या जायच्या, एवढीच ओळख. पण मी दहावीला गणितात गटांगळ्या खातेय हे कळल्यावर या माणसाने वर्षभर रोज संध्याकाळी मला घरी बसवून शिकवलं. कुसुमकाकू मध्येच उप्पिट्टाची बशी आणून ठेवायच्या. मी पास झाले ते त्या दोघांमुळे. निवृत्त झाल्यावर काकांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, आणि साठी उलटल्यावर ती चालवायला शिकले. लहान मुलाला सायकल मिळावी तसे खूश होते. काकूंची जुनी मऊ साडी घेऊन रोज गाडी पुसायचे.

गाडीची पहिली वॉरंटी संपत आली तेव्हा मी त्यांना वाढीव वॉरंटी घ्यायला लावली. काकांनी कागद उलटसुलट करून विचारलं, यात काय काय येतं? गणिताचा माणूस – बारीक अक्षरं वाचणारच. मी कागद त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हटलं, ‘काका, सगळं येतं. तुम्ही नुसती गाडी चालवा.’ सगळं येत नव्हतं. वायपर, क्लचची प्लेट, ब्रेकचे पॅड – जे वापरून झिजतं ते त्या वॉरंटीत नव्हतं, हे मला पाठ होतं. पण रांगेत आणखी तिघं उभे होते आणि ‘सगळं येतं’ म्हटलं की काम पटकन उरकायचं. अशा थापा मी दिवसाला दहा मारायचे. तुम्हाला वाटेल, हीच कबुली. नाही – ही तर नुसती पायरी आहे.

त्या वर्षीची आयुधपूजा. म्हैसूरमध्ये दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या वर्कशॉपमध्ये सकाळपासून पाने, जॅक, हातोडे धुऊन पुसून, कुंकू लावून एका फळीवर मांडले जायचे. साडेअकराला पूजा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या हत्यारांना कोणी हात लावायचा नाही. आणि सगळ्या गावाला आपली गाडी त्याच सकाळी धुऊन, हार घालून हवी! तुम्ही ती गर्दी बघायला हवी होती. लोक एकमेकांच्या अंगावरून कार्डं पुढे करत होते.

काका दहाला आले. बरोबर भजनी मंडळातले त्यांचे एक स्नेही – त्यांनीही नुकतीच गाडी घेतली होती आणि वाढीव वॉरंटी घ्यावी की नको या विचारात होते. काका काउंटरवर हात टेकून म्हणाले, ‘मंगला, ब्रेक दाबला की किर्र करतंय गं. उद्या हुणसूरला लेकीकडे जायचंय, काकू पण आहे. सुम्ने, सहज म्हणून, एकदा बघायला सांग, अल्वा?’ आणि लगेच स्नेह्यांकडे वळून, ‘हिच्याकडूनच घ्या. सगळं येतं त्यात. आपली पोर आहे, खोटं बोलायची नाही.’

मी महादेवला गाडी बघायला पाठवलं. महादेव आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक, कमी बोलणारा. पंधरा मिनिटांत तो हात पुसत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘पॅड मुगिदोगिदे, मॅडम.’ संपलेत. ब्रेक दाबल्यावर चाकातल्या चकतीला दोन्हीकडून जे आवळून धरतात, ते पॅड. पुढच्या चाकांचे पार झिजून नखाएवढे उरले होते, एका बाजूला तर लोखंडच चकतीला घासत होतं. नवा सेट स्टोअरमध्ये होता. पूजेला तासभर होता. आणि तो स्वतःहून म्हणाला – हे मी कधीच विसरले नाही – की पान्यांचा एक सेट मी पूजेत मांडत नाही, बाजूला ठेवतो. अर्ध्या तासात करून देतो. देवभोळा माणूस. त्याच्या दृष्टीने ही केवढी गोष्ट होती!

आता सांगा, मला काय करायचं होतं? काउंटरवर परत जायचं आणि म्हणायचं, काका, पॅड बदलावे लागतील, आणि ते वॉरंटीत येत नाहीत. दोन वाक्यं. पैशांचं काकांनी काहीच म्हटलं नसतं, मला माहीत होतं. पण शेजारी ते स्नेही उभे होते. ‘खोटं बोलायची नाही’ हे शब्द अजून तिथेच होते. काकांनी कपाळाला आठी घालून नुसतं ‘पण तू तर म्हणाली होतीस’ एवढं म्हटलं असतं, आणि रविवारी भजनाला सगळ्यांना कळलं असतं की शिंप्याची मंगला थापा मारून वॉरंट्या विकते. एवढ्याशा गोष्टीला मी भ्यायले.

मी महादेवला म्हटलं, राहू दे, गिऱ्हाईक आत्ता नको म्हणतंय, सणानंतर येईल. त्याने माझ्याकडे पाहिलं. पान्यांचा तो सेट उचलून फळीवर मांडला.

मग मी काकांकडे गेले. म्हटलं, ‘धूळ बसली होती, काका. साफ केली. पॅड चांगले आहेत.’ आणि त्यांच्यासमोर जॉब कार्डावर लिहिलं – ब्रेक तपासले, ठीक. माझं अक्षर चांगलं आहे. ते ओळखायला कोणाला कधी त्रास झाला नाही.

मनात म्हणत होते, सण झाला की फोन करीन. गुपचूप बोलावीन, कंपनीची तपासणी आहे म्हणून सांगीन, पॅड बदलून टाकीन. हुणसूर काय लांब आहे? रस्ता सरळ, काका तर बैलगाडीच्या वेगाने चालवतात. असं सगळं मी स्वतःला समजावत होते. पूजा झाली, कोहळा फुटला. गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवायचं काम दर वर्षी माझ्याकडे असायचं. काकांच्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवायला मी वाकले तेव्हा माझं तोंड त्या ब्रेकपासून वीतभर अंतरावर होतं. आत काय आहे ते मला माहीत होतं. मी लिंबं ठेवली. काकांनी गाडी पुढे घेतली, लिंबं चिरडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी, हुणसूरच्या रस्त्यावर बिळिकेरेच्या पुढे, त्यांच्या समोरची सरकारी बस माणसं घ्यायला थांबली. काकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. बसवर आदळू नये म्हणून त्यांनी डावीकडे घेतली आणि गाडी झाडावर गेली – काकू बसल्या होत्या त्या बाजूने. काकांना खरचटलं. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. दोनदा ऑपरेशन झालं, तरी त्या नीट उभ्या राहिल्याच नाहीत, तेव्हापासून वॉकर.

गाडी आमच्याकडेच आली. विम्याच्या माणसाने बाहेरून फोटो काढले, माझं जॉब कार्ड वाचलं आणि ब्रेकबद्दल पुढे काही विचारलं नाही. महादेवने चाक उतरवून झिजलेला पॅड माझ्यासमोर धरला आणि चुकचुकला – म्हाताऱ्याने ऐकायला हवं होतं, मॅडम, तुम्ही सांगितलं होतं ना. वाटलं, आत्ता. आत्ता बोल. तेवढ्यात मॅनेजर तिथून जात होते. त्यांनी विचारलं कोणाची गाडी, आणि म्हणाले, जुनं गिऱ्हाईक आहे, पॅड आपल्यातर्फे टाका. वर न बघता सही केली. असं करता येत होतं. त्या सकाळीही करता आलं असतं, मी नुसतं विचारलं असतं तर. पाच वर्षं त्या काउंटरवर काढून मला हे माहीत नव्हतं, कारण कधी कोणासाठी विचारायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

पण इथवरचं सगळं, म्हटलं तर, भेकडपणा. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि तीच लिहायला हात अडतोय.

दीड महिन्याने काका आले. बसने आले होते. दाढी वाढलेली. गर्दी नव्हती, शेजारी कोणी नव्हतं – ही सबबसुद्धा मला नाही. ते समोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘मंगला, एकच विचारतो. खरं सांग. ब्रेक सरीच, ठीकच होते ना गं? कारण मला वाटतंय मी दाबला. पूर्ण दाबला. पण पोरं म्हणतात, बाबा, तुमचा पाय आता चालत नाही, तुम्ही उशीर केलात. काकू काही म्हणत नाही. मला आठवतंय मी दाबला. पण आता मलाच कळेनासं झालंय.’

तुम्ही माझ्या जागी असता तर? नाही, राहू दे, हा प्रश्न विचारायचा हक्क मला नाही. माझ्यासमोर एक माणूस आपल्या आठवणीवर विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच विचारत होता. आणि उत्तर जगात फक्त माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, ‘ब्रेक ठीक होते, काका. कार्डावर लिहिलंय की.’ कार्ड काढून दाखवलंसुद्धा.

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मग मान हलवली. ‘आयतु, झालं तर’, म्हणाले. ‘मग माझाच पाय.’ उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बरं झालं, तू तरी खरं सांगितलंस. घरात सगळे माझं मन राखायला बघतायत.’

गाडी त्यांनी विकली. ती विकून देण्याचं कामही मीच केलं. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही; नंतर नंतर रस्ता ओलांडतानाही कोणाचा तरी हात धरायला लागले – पायावर भरवसा नाही, म्हणायचे. पुढची तेरा-चौदा वर्षं काकूंचं सगळं त्यांनी केलं. अंघोळीला नेणं, वेणी घालणं, स्वयंपाक. कोणी कौतुक केलं की म्हणायचे, मीच मोडलं, मीच करायला हवं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, विठ्ठलाच्या देवळात, दोन हातांच्या अंतरावरून. प्रसादाचा द्रोण माझ्या हातात होता. मी प्रसाद खाल्ला.

चार वर्षांपूर्वी काका गेले. शेवटी त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण मुलगी सांगत होती की अंथरुणात पडल्या पडल्या उजवा पाय खाली दाबायचे. पुन्हा पुन्हा. काय करता विचारलं की म्हणायचे, सराव.

काकू आहेत. एकादशीला देवळात खुर्चीवर बसतात, आणि नव्या सुना वॉकरबद्दल विचारतात तेव्हा न चिडता सांगतात, ‘यांचा पाय चुकला गं. वय झालं होतं.’ मी शेजारी असले तर माझ्याकडे बघतात, म्हणजे मी हो म्हणावं म्हणून. मी आजवर प्रत्येक वेळी हो म्हटलंय.

मला कोणाकडून काही नको. फक्त एक वाक्य अठरा वर्षं चुकीचं लिहिलेलं आहे, ते माझ्याच अक्षरात बरोबर लिहिते. ब्रेकमध्ये पॅड उरले नव्हते, हे मला माहीत होतं. वसंतकाकांनी ब्रेक वेळेवर दाबला होता, पूर्ण दाबला होता.