खडवलीजवळचा उतार

मी कल्याणला इंजिनावर असिस्टंट ड्रायव्हर होतो, राहायला डोंबिवलीत. आमची इंजिनं डब्ल्यूसीएम जातीची, विलायतेत बांधून बोटीनं आलेली. चाकांचे सहा आस आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. गाडी सुटताना जादा वीज लोखंडी पेट्यांत जाळून टाकावी लागे. चढावर इंजिनाच्या पोटातून भट्टीसारखी धग यायची. इगतपुरीपुढे तारेतली वीज वेगळी, म्हणून तिथून आम्ही परत फिरायचो. उतारावर वीज बंद केली की ते शंभरावर टनांचं धूड नुसतं घरंगळत यायचं, जवळजवळ आवाजच नाही.

"हिची हीच खोड वाईट," माझे ड्रायव्हर म्हणायचे. मी त्यांना काका म्हणत असे. "येतेय हे माणसाला कळतच नाही रे."

त्या दिवशी सकाळी पॅसेंजर गाडी घेऊन आम्ही परतत होतो. वाशिंद सोडलेलं, खडवली जवळ आलेली. शेजारच्या रुळावरून एक मालगाडी कसाऱ्याकडे खडखडत चाललेली. ती संपायची वाट पाहत पलीकडे एक मुलगी उभी होती, डब्यांमधल्या फटींतून दिसत होती, डोक्यावर लाकडांची मोळी. काका भोंगा देत होते, पण त्या खडखडाटात तो कुठला ऐकू जातोय? मालगाडीचा शेवटचा डबा सरकला आणि मुलगी रूळ ओलांडायला निघाली.

"काका, पोरगी!" मी ओरडलो.

त्यांनी ब्रेक पूर्ण टाकला. चाकं किंचाळली, पण एवढं वजन थांबायला जागा लागते. गाडी थांबली तेव्हा ती जागा मागे, डब्यांखाली राहिली होती.

गावातली माणसं धावत आली. मुलीचा बाप शेतातून आला, हातात कोयता तसाच. मला वाटलं, आता काकांवर धावून जाणार. पण त्यानं इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. विखुरलेली लाकडं तो एकेक करून गोळा करत राहिला. शेवटी कुणीतरी त्याला धरून बाजूला नेलं.

चौकशीत काकांचा दोष निघाला नाही. तरी ते पुन्हा त्या मार्गावर गेले नाहीत. अर्ज करून इंजिनांच्या शेडमध्ये काम मागून घेतलं. जेवणाचा डबा उघडायचे, दोन घास खायचे आणि झाकण लावायचे. निवृत्तीनंतर कोपरीला मुलाकडे राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत वारले.

नव्वदच्या दशकात त्या इंजिनांची सद्दी संपली. सुटे भाग मिळेनात. एकेक इंजिन शेडमागच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर, कायमचं लागू लागलं. तोवर मी स्वतः ड्रायव्हर झालेलो. एका दुपारी शेडच्या फाटकावरच्या माणसानं मला बोलावलं, खडवलीच्या अपघाताबद्दल कुणी विचारतंय म्हणाला. बाहेर त्या मुलीचा बाप उभा होता. चांगलाच म्हातारा झालेला, पण मी ओळखला.

"इंजनं तोडणार म्हणतात," तो म्हणाला. "ते इंजन एकदा बघू द्या."

परवानगी काढून मी त्याला घेऊन गेलो. आमचं इंजिन गवतात उभं होतं, काचा फुटलेल्या, तांब्याच्या तारा उपसून नेलेल्या. त्यानं पुढच्या लोखंडावर हात ठेवला.

"ड्रायव्हर कुठं असतो?"

"गेले ते. तीन-चार वर्षं झाली."

"त्याला एक विचारायचं होतं." तो माझ्याकडे वळला. "तू होतास ना वर? पोरीनं बघितलं का रे इंजनाकडं?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण इतकी वर्षं तो हेच मनात धरून बसला होता.

"बघितलं," मी म्हणालो. "अगदी शेवटी. फार वेळ नाही."

तो खाली गवतात बसला. मीही बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला वाटायचं, तिला कळलंच नसेल. तसंच असतं तर बरं झालं असतं."

मी त्याला रिक्षानं स्टेशनवर सोडलं, खडवलीच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या आठवड्यात गॅसकटरवाले आले. सायडिंगकडून पांढरा धूर दिसत होता. माझी ड्यूटी पुण्याच्या गाडीवर होती. मी तिकडे फिरकलो नाही.