इस्त्रीचा हात

मास्तरांची उभी हयात कापड शिवण्यात गेली. साठीला टेकल्यावर दुकान बंद झालं, आणि रिकाम्या हातांना काम हवं म्हणून त्यांनी गाड्या चमकवायचं एक स्वस्तातलं मशीन घेतलं. मशीन कसलं, पिसाळलेलं जनावर. वेग अगदी कमी ठेवला तरी बटण दाबताच असा हिसका मारायचं की खांदा निखळतोय की काय वाटावं. पहिल्या दिवशी त्यांनी पुढचं गोल फिरतं पॅड हवेतच सुरू केलं, आणि पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर, चष्म्यावर आणि वाळत घातलेल्या चादरींवर उडाले.

"माझं ब्लाउज आठ महिने अर्धवट पडलंय," बायको चादरी काढता काढता म्हणाली, "आणि इथे पत्र्याचे लाड चाललेत."

भंगारवाल्याकडून त्यांनी गाडीचा एक जुना दरवाजा आणला आणि तीन आठवडे त्यावर हात बसवला. पॅड आधी पत्र्यावर टेकवायचं, मग बटण दाबायचं. मशीन सपाट धरायचं. एका जागी रेंगाळायचं नाही. मधूनमधून हाताची मागची बाजू लावून पत्रा किती तापलाय ते बघायचं. सगळं जमलं, कड सोडून. कॉलरचं टोक आलं की इस्त्री किंचित तिरकी करून क्षणभर जास्त दाबायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्याशिवाय शर्ट पुरा झाल्यासारखा वाटायचाच नाही. गाडीचा रंग मात्र नेमका कडेलाच पातळ असतो. तीनदा रंग जळून खालचा राखाडी थर डोकावला. चौथ्यांदा त्यांनी कडांवर चिकटपट्टी लावली आणि मगच मशीन उचललं.

हे सगळं भंगाराच्या दरवाजावर. आज समोर लेकीची गाडी होती.

लेक नोकरी सोडून एका कंपनीसाठी प्रवासी गाडी चालवत होती. निळी गाडी सात वर्षं उन्हात तापून विटली होती. आज चार वाजता कंपनीची तपासणी होती. गाडी अशीच दिसली तर यादीतून नाव कमी होणार होतं. गॅरेजवाले पुढच्या आठवड्याशिवाय वेळ द्यायला तयार नव्हते. "बाबा, तुम्हीच करा ना," ती इतक्या सहज म्हणाली होती, की मास्तरांनी सकाळपासून चिकटपट्टीची गुंडाळी तीनदा तपासली होती.

दुपारी दीडपर्यंत दरवाजे झाले, टप झाला. उरलं फक्त बॉनेट. त्यावर दोन उंचवटे लांबच लांब, सरळ रेषेत गेले होते. मास्तरांनी सगळ्या कडांना पट्टी लावली होती. या रेषांना लावली नाही. त्या कडा नव्हत्याच मुळी. पण मशीन तिथवर पोचलं आणि पत्र्यावरची ती रेष त्यांना पँटच्या घडीसारखी दिसली. मनगट आपसूक कललं. दोन श्वास, फार तर.

जळका वास आला. त्यांनी बटण सोडलं. पांढऱ्या पॅडला निळा रंग लागला होता. वरचा पारदर्शक थर गेल्याशिवाय निळा सुटत नाही, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं.

लेक चहा घेऊन आली, तेव्हा ते बॉनेटवर फडकं टाकून त्यावर तळवा दाबून उभे होते.

"तू बघायच्या आधी सांगतो," ते म्हणाले. "इथे जळलंय. नखाएवढं."

तिने फडकं उचललं. खाली वाकून उजेडात तिरकं बघितलं. मग तिने चिकटपट्टीची गुंडाळी घेतली आणि दोन्ही रेषांवर नीट पट्टी लावली.

"चला. चहा नंतर."

"आणखी गेलं तर?"

"मी इथे उभी राहते. हात तिरका झाला की सांगेन."

मशीन पुन्हा गुरगुरलं. पट्टीजवळ पॅड आलं की तिचा आवाज यायचा, "मास्तर, सपाट." गिऱ्हाइकं म्हणायची तसं, मास्तर. ते सपाट धरायचे, आणि कपाळावरचा घाम चष्म्यात उतरायचा.

लेक गाडी घेऊन तपासणीला गेल्यावर त्यांना एका जागी बसवेना. बायकोने ब्लाउज आणि सुईदोरा आणून मांडीवर ठेवला. सुईत दोरा ओवायला पाच खेपा लागल्या. पाऊण तासाने फोन वाजला, तेव्हा एक बाही उसवून पुन्हा लावायची वेळ आली होती.

"नाव राहिलं," लेक म्हणाली. "डाग मीच आधी दाखवला. तपासणाऱ्याने कागदावर लिहून घेतलाय."

"केवढा लिहिला?"

"नखाएवढा. तुमचाच शब्द सांगितला."

फोन मास्तरांच्या कानाशीच होता. दुसऱ्या हाताचा अंगठा बाहीच्या कडेवरून फिरत होता, दाबून, टोकापर्यंत. त्यांच्या ते लक्षात आलं. पण त्यांनी तो थांबवला नाही. हे कापड होतं.