दोन थापा

“तुम्हाला कंकशन झालंय,” डॉक्टर म्हणाले.

मी तहसील कचेरीतला कारकून. मला ‘सेक्शन’ ऐकू आलं. उशीवरून डोकं उचलायची धडपड करत मी विचारलं, “कोणत्या सेक्शनला, साहेब? बदली रद्द नाही का होत?”

डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. ते पुढे मला वाचायला मिळालं: रुग्ण गोंधळलेला आहे.

कंकशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. कवटी फुटत नाही, रक्त दिसत नाही, पण एसटीच्या टपावरची ट्रंक खड्ड्यात आदळावी तसं आतलं सामान हलतं. तुमच्या घरातही उद्या कुणी सायकलवरून पडेल, झाडावरून पडेल, आणि धडधाकट दिसत असूनही भलतंच बोलू लागेल. त्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. हसायचं असेल तर व्हरांड्यात जाऊन हसा.

डॉक्टरांनी नाव विचारलं. ते बरोबर आलं. “आत्ता कुठे आहात?” मी म्हणालो, अकोल्याला. घर अकोल्याला, नोकरी अमरावतीला, आणि होतो अमरावतीच्या दवाखान्यात. “राज्य कोणतं?” मी छातीठोकपणे सांगितलं, “मध्यप्रदेश.”

“दोन राज्यं मागे आहात,” डॉक्टर म्हणाले.

यात माझा फार दोष नव्हता. आमचा वऱ्हाड जागचा न हलता मध्यप्रदेशातून आधी मुंबई राज्यात गेला होता आणि महाराष्ट्रात येऊन त्याला जेमतेम दोन महिने होत होते. शेजारच्या खाटेवर हर्नियाचे म्हातारबुवा होते. ते कुशीवर वळून म्हणाले, “बराबरच तं सांगून राहिले ते. मध्यप्रदेशच!” त्यांच्या डोक्याला काहीही लागलेलं नव्हतं.

हे कसं घडलं ते मी दुसऱ्यांकडून ऐकलेलं सांगतो, कारण मी तिथे असूनही नव्हतो.

त्या उन्हाळ्यात पलटणीतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी अमरावतीत जुजुत्सूचा, म्हणजे जपानी कुस्तीचा, वर्ग काढला. लढाईच्या काळात सिंगापुरात एका जपान्याकडून ते ही विद्या शिकले होते. कापसाचा हंगाम संपलेला, म्हणून एका जिनिंगची शेड संध्याकाळी मोकळी मिळाली. पोत्यांत सरकीला चिकटलेला टाकाऊ कापूस भरून गाद्या शिवल्या. मी पस्तिशीचा, पोट सुटलेला. पण एसटी स्टँडवर एका धटिंगणानं माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली होती आणि मी त्याला “छान दिसते” असं म्हणून आलो होतो. ते मला झोपू देईना.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं. इथे मास्तर मुद्दाम पाठीवर झोपायला सांगायचे आणि पायांनी समोरच्याला अडकवायला शिकवायचे. चीत झालेला माणूस जिंकतो, हे माझ्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. एक नियम मात्र पक्का होता. मान किंवा सांधा अडकला, की जोडीदाराच्या अंगावर दोन थापा मारायच्या. त्यानं त्या क्षणी सोडायचं. मास्तर म्हणायचे, “ती थाप म्हणजे तुमचा जीव आहे.”

आणि मी त्या जिवाशी काय केलं? मी थापा मारायचो, जोडीदार सोडायचा, आणि लगेच उसळी मारून मी त्याच्या छातीवर बसायचो. “अरे, ती थाप नव्हती! तुझ्या पाठीवर माशी बसली होती!” सगळी शेड हसायची. माझा जोडीदार सुदाम, बार्शीटाकळीचा, बाविशीतला, पोलीस भरतीची तयारी करणारा. तो बिचारा दर वेळी फसायचा. “भाऊ, तुमच्या थापेवर भरोसा ठेवाव का नाई, मले समजतच नाई,” असं म्हणायचा आणि स्वतःही हसायचा.

त्या संध्याकाळी सुदामनं मागून माझ्या गळ्याला हाताचा वेढा घातला. मी दोन थापा मारल्या. त्यानं सोडलं नाही. मी लुळा पडलो तेव्हा घाबरून त्यानं एकदम सोडलं, आणि माझं डोकं कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या लोखंडी पायावर आदळलं.

पहिली रात्र आणि पुढचा सबंध दिवस, दर दोन तासांनी नर्सबाई मला हलवून जागं करायच्या आणि डोळ्यांत टॉर्च मारायच्या. दोन्ही बाहुल्या सारख्या आकुंचन पावतात का ते बघतात. रुग्ण चिडतो. चिडू द्या. डोक्याचा आणि मानेचा एक्सरे काढायला आम्ही बाकावर बसलो, तेव्हा मी दर पाच मिनिटांनी एकच विचारत होतो म्हणे, “माझी सायकल कुठे आहे?” सुदाम दर वेळी तितक्याच नम्रपणे सांगायचा, “शेडात हाय भाऊ. कुलूप लावलं.” तो घरी गेलाच नव्हता.

सकाळच्या गाडीनं अकोल्याहून बायको आली. कमरेवर पदर खोचून खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, “सोंग असन तं आताच सांगा. मी कणीक भिजवून तशीच आली.”

तिचंही बरोबर होतं. तिच्या भावाच्या वास्तुशांतीला जायला नको म्हणून मी एकदा तीन दिवस कंबर धरून कण्हलो होतो. मी म्हणालो, “खरंच आठवत नाही गं.” तिनं माझ्याकडे न बघताच पिशवीतून डबा काढला. डोक्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुपारी मी तिला विचारलं, “आई नाही आली?”

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. डबा तिच्या हातात तसाच राहिला. मग ती हळूच खाटेच्या कडेला बसली आणि माझा हात धरून म्हणाली, “येतीन उद्या.” लग्नानंतर तिनं मला मारलेली पहिली थाप ती. माझ्यावर तिचा विश्वास बसला तो त्या क्षणी.

तिसऱ्या दिवशी राज्य बरोबर आलं. आईचंही आठवलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पण त्या संध्याकाळचे दोन-तीन तास कोरे ते कोरेच. “याला रेट्रोग्रेड ॲम्नेशिया म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “मार बसायच्या आधीचा थोडा काळ पुसला जातो. कधी तुकड्यातुकड्यानं परत येतो, कधी येत नाही.”

मग ते म्हणाले, “गळ्यावर वळ आहेत. ही मेडिको-लीगल केस आहे, म्हणजे पोलिसांना कळवावीच लागते. जमादार येतील जबाब घ्यायला.”

सुदाम खाटेची दांडी धरून उभा होता. त्याची भरती पुढच्या आठवड्यात होती. नावावर असला कागद लागला तर त्याला मैदानाच्या फाटकातूनच परत पाठवलं असतं.

जमादार आले, स्टुलावर बसले, वही उघडली. मी सुदामला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होतो. पण त्याला खोटं बोलता येतच नव्हतं.

“भाऊनं थाप मारली, साहेब. दोनदा. पण मले वाटलं, थाप मारून राहिले.”

जमादारांनी पेन्सिल थांबवली. “म्हंजे मारली ना?”

“मारली. पण थाप वाटली.”

“अबे, थाप मारली तं थापच वाटन ना! कुत्रं वाटन का?”

“तसं नाई साहेब. खरी थाप वाटली नाई. खोटी थाप वाटली.”

“खोटी थाप म्हंजे खरं का?” जमादार माझ्याकडे वळले. “कावून हो, काय लिवू मी? तुमी सांगा. मारली का नाई?”

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तसं खरं सांगितलं असतं, तर सुदामचा कबुलीजबाब तेवढा वहीत राहिला असता. आणि दोष कुणाचा होता हे मला आठवणीशिवायही कळत होतं.

“नाही मारली,” मी म्हणालो. “हट्टानं तसाच राहिलो. त्याचा गैरसमज झाला असेल.”

डॉक्टर पायथ्याशी उभे होते. त्यांच्या हातात माझा केसपेपर होता आणि त्यावर ‘काही आठवत नाही’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“स्मृती तुकड्यातुकड्यानं परत येते,” ते जमादारांना म्हणाले.

जमादार गेल्यावर बायको डॉक्टरांना म्हणाली, “हे बरे झाले आता. घरी नेऊ का?”

महिनाभर सायकल बंद, उन्हात जाणं बंद, वाचन बंद. हे पथ्य पाळा. मी आठ दिवसांत मोडलं आणि चक्कर येऊन पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसलो. डोकं आपटल्यावर उलटी झाली, गुंगी वाढली, तर चहा पाजत बसू नका, दवाखाना गाठा. डॉक्टरांना सगळं खरं सांगा. आणि कोणतीही विद्या शिका, पण तिच्यातली जी खूण जीव वाचवायला ठेवलेली असते, तिची गंमत करू नका.

ते तास आजपर्यंत परत आलेले नाहीत. मी थापा मारल्या हे मला सुदामच्या शब्दावरूनच ठाऊक आहे, आणि तेवढं मला पुरतं.

तो भरतीत लागला. आता अकोल्याला असतो. स्टँडवर भेटला की भर गर्दीत, खाकी कपड्यात, कडकडून मिठी मारतो. मला भरून येतं, आणि नकळत माझा हात त्याच्या पाठीवर प्रेमानं दोनदा पडतो.

तो तत्काळ सोडतो, दोन पावलं मागे सरतो आणि घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहतो.