हुजूर पक्षाचं भवितव्य आणि आमचं श्रीखंड

टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागात अकराव्या मजल्यावरच्या कॉन्डोत राहणाऱ्या माणसाला ब्रिटनच्या हुजूर पक्षाची काळजी करण्याचं काहीही कारण नसतं. मी केली.

२०१०च्या मे महिन्यात मेधाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, बॉस आमच्याकडे जेवायला येणार होते. मिस्टर पेम्बर्टन मूळचे यॉर्कशरचे. टोरांटोत तीस वर्षं काढूनही मनानं तिकडेच राहिलेले आणि जन्मभर हुजूर पक्षाचे. मेधानं त्यांच्याकडे मॅनेजरच्या जागेसाठी अप्लाय केलं होतं. त्यामुळे तिनं मला बजावलं, की हवेबद्दल बोल, हॉकीबद्दल बोल, नाहीतर नुसतं श्रीखंड वाढ.

मी ही सूचना तातडीनं बाबांकडे पोचवली. बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस (म्हणजे धोकाच!). राजकारण अजिबात नको, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी मात्र ऑफिसात इंटरनेटवरून हुजूर पक्षाच्या पुढच्या दिशेवरचा एक लेख प्रिंट केला आणि सबवेत उभ्यानं दोनदा वाचला. छाप पाडायची तर अभ्यास हवा!

जेवता जेवता साहेबांनी मायदेशाच्या आठवणीनं सुस्कारा सोडला. मला तेवढंच पुरलं. मी सांगून टाकलं, की तुमच्या पक्षाला आधी नेता बदलावा लागेल, नाहीतर आणखी दहा वर्षं सत्ता विसरा.



"पण आम्ही सत्तेवर आलोय," साहेब हळूच म्हणाले. "मागच्याच आठवड्यात. दुसऱ्या एका पक्षाला बरोबर घेऊन, पण आलोय."

हाच तो ब्रिटिश विनोद, असं समजून मी खो खो हसलो आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या चमच्यातलं श्रीखंड टायवर पडलं.

"डॅड," आमची तेरा वर्षांची सई म्हणाली, "इट वॉज ऑन द न्यूज."

लेख नऊ वर्षांपूर्वीचा निघाला. सावरायचं म्हणून मी म्हटलं, की दुसरा पक्ष लागला म्हणजे विजय अर्धाच, तेव्हा मीही अर्धा बरोबर. मेधानं माझ्याकडे पाहिलं. (ते पाहणं मला अजून आठवतं.)

तेव्हा इतका वेळ तोंड मिटून बसलेल्या बाबांनी आपल्या मास्तरी इंग्रजीत विचारलं, "सत्ता आली ते उत्तम. आता जपणार काय आणि सोडणार काय?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. त्यांचे वडील गावात किराणा दुकान चालवायचे. पक्ष म्हणजे ते दुकान, चर्च आणि शनिवारचं क्रिकेट, असंच त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं. आता नवे पुढारी सायकलवरून फिरतात, पवनचक्क्यांबद्दल बोलतात.

"बरोबरही असेल त्यांचं," ते म्हणाले, "पण त्यात वडिलांचं दुकान कुठे आहे, ते मला सापडत नाही."

बाबा म्हणाले, की आमच्या गणेश मंडळात दरवर्षी हेच भांडण, म्हाताऱ्यांना आरती हवी आणि पोरांना डीजे. त्यावर साहेब इतके हसले, की टायवरचं श्रीखंड पुसायचंही विसरले. चहाचे तीन कप होईपर्यंत दोघं जागचे हलले नाहीत. भांडी मी घासली.

पुढे मेधाला ती जागा मिळाली. थोडं श्रेय आपलंही, या भावनेनं मी विचारलं, की साहेब माझ्याबद्दल काही बोलले का.

"बोलले ना," मेधा म्हणाली. "म्हणाले, वीस जणांची टीम तुला झेपेल का अशी शंका होती. तुझ्या नवऱ्याला भेटलो आणि शंका फिटली."