बेडूक निघालेच नव्हते

"थांब! थांब म्हणतो ना! ए भैया, पहले फर्शी निकालन दे, फिर जो गिराना है गिरा!"

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या गल्लीत एक जुनं घर पाडायला जेसीबी आला होता आणि त्याच्यासमोर माझा मावसभाऊ दिगूदादा दोन्ही हात पसरून ओरडत उभा होता. जेसीबीचा दात त्याच्या टकलापासून वीतभर होता, असं मी आजवर शंभर ठिकाणी सांगितलंय. वीतभर नव्हता. चांगला दहा फूट लांब होता आणि ड्रायव्हर हसत बिडी पेटवत होता. या लेखात खरंच लिहायचं ठरवलंय, म्हणून सुरुवातीपासूनच दुरुस्ती करत जातो. दिगूदादाला जाऊन दीड महिना झाला...

रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, हा दगडांना लागला. रायपुरात जुनं घर पडणार अशी कुणकुण लागली की हा सायकल काढून हजर. आपल्याकडची ती साधी, करडी, हातभर लांबरुंद फर्शी तो पहारीनं अलगद उचलायचा, ब्रशनं घासायचा आणि अंगणातल्या भिंतीला ओळीनं उभी करायचा. मग ज्याचं घर बांधणं चालू असेल त्याच्या मागे लागायचा. "दगड खाणीतून निघाला तवाच काय ते पाप होऊन गेलं. आता तो वापर ना! नवा डोंगर काहून फोडतो? टाइल भाजायले भट्टी काहून पेटवतो?" समोरचा कंटाळला की दादा चपला काढून फर्शीवर उभा राहायचा. "मले नको विचारू. तळपायाले विचार."

मी घर बांधायला घेतलं तेव्हा त्या जेसीबीपुढून वाचवलेली सगळी फर्शी माझ्याकडे आली. संतराम मिस्त्रीला हाताशी धरून, चुन्यात, एकेक दगड ठोकून-ऐकून दादानं ती स्वतः बसवली. बासष्टाव्या वर्षी उकिडवा बसून, सव्वा महिना. झाली तेव्हा भर मे महिन्याच्या दुपारी तो तिच्यावर उघड्या अंगानं आडवा झाला आणि घोरायला लागला. त्या घोरण्यानं खिडक्यांच्या काचा हादरत होत्या... काचा तेव्हा बसल्याच नव्हत्या. पण तो झोपला, हे खरं. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, पंखा नाही, आणि हा माणूस गार झोपलेला.

वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी माझे होऊ घातलेले व्याही नागपूरहून घर पाहायला आले. हॉलच्या मधोमध उभे राहून त्यांनी खाली पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "फरशी बसायची राहिली वाटतं अजून?"

इथं मला वाचा फुटायला हवी होती. मी गावभर गप्पा हाणणारा माणूस, गोलबाजारात भांडी घ्यायला गेलो तरी चार माणसं गोळा करतो. पण मी म्हणालो, "हो ना, टाइल उद्याच येऊन राहिली." आणि आणली. आरशासारखी चकचकीत, दादाच्या फर्शीच्या डोक्यावर. संतराम म्हणाला, "भैया, बड़े भैया को पूछ लिया?" मी म्हणालो, तू काम कर, आणि दादाकडे तोंड उघडू नकोस.

वास्तुशांतीला दादा आला. नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढल्या, पाय आत टाकला आणि थांबला. आधी त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. शेजारी व्याही उभे. दादा काही बोलेल या भीतीनं मीच आधी तोंड उघडलं. "दादा, तुह्या फर्शीतून ओल आली ना! अख्खा बूढ़ा तालाब वर आला बाप्पा! सकाळी येऊन पाहतो तं देवघरापुढं तीन बेडूक! एक तं नैवेद्याकडं पाहून राहिला!"

हॉल हसला. व्याही तर डोळे पुसत हसले. दादाही हसला... जरा उशिरा.

गोष्ट चांगली जमली होती, हेच वाईट झालं. ती लग्नात, बारशात, मंडळाच्या गणपतीत चालू लागली. तिनाचे अकरा बेडूक मीच केले. बूढ़ापाऱ्यात एका कुटुंबाचं दादाकडून फर्शी घ्यायचं पक्कं झालं होतं. त्यांनी टाइल आणली. "तुमच्याच भावाकडं बेडूक निघाले म्हणे," असं त्यांनी दादाला तोंडावर सांगितलं. त्यानंतर दादाला कुणी बोलावलं नाही. अंगणातली फर्शी धुतलेली, ओळीनं उभी, तशीच राहिली. माझ्याकडे तो यायचा, पण बाहेरच्या ओट्यावर बसायचा. चपला न काढता.

शेवटचा भेटलो तो दवाखान्यात. आवाज अगदी बारीक झाला होता. मी त्याला हसवायला काहीतरी रंगवून सांगत होतो. मध्येच त्यानं माझं मनगट धरलं. "ओल वाळली का रे? चुना कमी पडला असंल माह्याकडून... दोन वर्षं झाले, तेच आठवून राहिलो."

एवढ्या वर्षांत मी हजारो गोष्टी बनवल्या असतील. तेव्हा फक्त एक खरी सांगायची होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हव दादा, वाळली."

तर वाचकहो, ओल कधी आलीच नव्हती. बेडूक तीनही नव्हते, अकराही नव्हते. दिगूदादाची फर्शी खणखणीत कोरडी होती.

मागच्या आठवड्यात मी संतरामला बोलावलं. मनात एकच होतं की टाइलखाली दादाची फर्शी जशीच्या तशी आहे. टाइल काढायची आणि उघड्या पायांनी तिच्यावर उभं राहायचं. दारातली पहिली टाइल त्यानं छिन्नीनं उचकटली. खाली करडा दगड दिसला. त्याच्यावर देवीचे वण असावेत तसे खड्डेच खड्डे, बोटाच्या पेरभर खोल. दुसरी उचकटली. तिच्याखालीही तेच.

"ये किसने किया?" मी ओरडलो.

संतरामनं छिन्नी गमछ्याला पुसली. "ये टाँकी हमने ही मारी थी, भैया, इसी छिन्नी से, मसाला पकड़ने को. आप ही बोले थे, ऐसा मारना कि टाइल कभी उखड़े नहीं."