लाखवालीनं राखलेली फांदी

माझ्या बायकोला रेल्वे क्वार्टरांची सारी लाइन लाखवाली म्हणायची. तिला गोड बोलणं कधी जमलं नाही, अन् झाड ओरबाडणंही नाही. क्वार्टरमागच्या बोरीवरची लाख ती विळ्यानं काढायची, पण दोन-तीन फांद्यांना कोणाला हात लावू द्यायची नाही. ते बियाणं. त्यातले किडे पावसाळ्यात कोवळ्या डहाळ्यांवर पसरले, तरच पुढची लाख. गोंदियाकडची होती, माहेरी हेच काम.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा होत होता. मी रेल्वेच्या यार्डात खलाशी, म्हणजे ओझी उचलायच्या कामावर होतो. तिचं उठणंबसणं शेजारच्या कुरुद गावच्या बायकांत. त्यांची शेतं कारखान्यात गेलेली, लाखेवर दिवस काढायच्या. झाडांना बियाणं ठेवायचं हे तिनंच त्यांना लावून दिलेलं.

एका वैशाखात कलकत्त्याचा दलाल आला. परदेशात पालिशला लाख हवी, जहाज थांबलंय, दुप्पट भाव देतो, पण बियाण्यासकट सगळी द्या, म्हणाला. ही त्याच्यासमोर उभी राहिली.

"तिकडच्या साहेबाची खुर्ची चमकावी म्हणून आमचं झाड बोडकं कावून? झाड जगवायचाबी दाम धरा."

तो हसला. म्हणाला, तिकडच्या गिऱ्हाइकाला माल दिसतो, झाड दिसत नाही.

ही बायकांना अडवायला लागली. फुलबती तिची जिवाची मैत्रीण. ती खाली मान घालून म्हणाली, "लइका मन काय खाहीं, दीदी?" पोरं काय खातील म्हटल्यावर ही वाटेतून बाजूला झाली. कुरुदची झाडं दोन दिवसांत खरवडली गेली. काहींच्या फांद्याच तोडून नेल्या. दलाल पुन्हा फिरकला नाही.

आखाड लागला. कुरुदात बियाणं औषधालाही नव्हतं. हिची छाती भरलेली, चालताना धाप लागायची. तरी विळा घेऊन बोरीखाली गेली अन् राखलेल्या सगळ्या फांद्या कापल्या. एकही ठेवली नाही.

मी म्हणालो, "अवो, आपल्या झाडाले?"

"अजी, आपल्याले तुमचा पगार हाये. त्याइले काय हाये?"

पावसात भिजत कुरुदला गेली अन् झाडाझाडाला काड्या सुतळीनं बांधून आली. बांधताना बायकांना शिव्याही दिल्या असतील, तिचा काही नेम नाही. आली ती अंथरुणालाच लागली. कोजागिरीनंतर गेली. कुरुदहून कोणी आलं नाही, बांधलेलं लागलं की नाही, हे तिला कळलंच नाही. शेवटपर्यंत तेच विचारत होती.

तेरवीला जेवणं उरकल्यावर फुलबती आली. लुगड्याखालून हातभर फांदी काढली. वरपासून खालपर्यंत लाखेनं मढलेली. उंबऱ्यावर ठेवली अन् म्हणाली, "एला झन बेचबे, भैया."

विकू नको म्हणे. मी कुठला विकतो.

घरात उरलेल्या हिच्याच सुतळीनं ती फांदी आमच्या बोरीला बांधली. गाठ मात्र हिच्यासारखी बसली नाही. दोनदा सोडून पाहिली.