आमच्या वस्तीला कशाची भीती होती

आमच्या गावात सरकारी योजनेतून कोणालाही वगळलेलं नव्हतं. तशी रीतसर पाहणीच झाली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्याहून, म्हणजे तेव्हाच्या अकोल्याहून, एक साहेब आणि एक बाई आले होते. मी कॉलेजच्या वसतिगृहातून दिवाळीला घरी आलो होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

आदल्या हिवाळ्यात वाशिमला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट, वर न्यायला-आणायला जीप. गावातली म्हातारी माणसं डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परतली, तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीला कळलं की असं काही होतं. आमच्यातलं एकही माणूस गेलं नव्हतं. जिल्ह्याच्या वरच्या साहेबांना ते खटकलं, म्हणून ही पाहणी.

आमच्या घरी माझी विधवा आत्या राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एके काळी कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी बाई आसपास नव्हती. आता ती चाचपडत बोंड शोधायची, म्हणून तिला वेचणीला बोलावणं बंद झालं. भावाच्या चुलीवरची आयती भाकर तिच्या घशाखाली उतरत नसे. तिला डोळे हवे होते ते पुन्हा कामाला जायला, दुसरं काही नाही.

"शिबिराला का आला नाहीत, आजी?" बाईंनी विचारलं. "देव कोपेल असं वाटलं?"

"आमी देव सोडले, बाई."

"घरच्यांनी नको म्हटलं?"

"नाई."

"मग शस्त्रक्रियेची भीती?"

"मले मालूमच नोयतं."

"असं कसं?" साहेब म्हणाले. "दवंडी तर अख्ख्या गावात दिली."

तेही खरंच होतं. पण दवंडीची आमच्याकडे एक रीत होती. पूर्वी दवंडी देणं हे आमच्याच लोकांचं काम. देणारा वस्तीतून निघायचा, निघतानाच घराघरांत सांगून जायचा आणि वेशीत पोचल्यावर पहिली हाळी द्यायचा. वस्तीला वेगळी दवंडी लागायचीच नाही. धर्मांतरानंतर आमच्या वडीलधाऱ्यांनी गावकीची सगळी कामं सोडली, त्यात हेही सुटलं. पंचायतीनं नवा माणूस ठेवला. तो भला माणूस होता. लहानपणापासून पाहिली तशीच दवंडी द्यायचा, म्हणजे वेशीत उभं राहायचं, गावाकडे तोंड करायचं आणि तिथून सुरुवात. आमच्याकडे त्याची पाठ असायची.

वडिलांनी हे सगळं साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांनी मान हलवली. पण त्यांनी कागदावर छापून आणलेल्या कारणांमध्ये असलं कारण नव्हतं. देव कटाप, घरचे कटाप, उरली भीती. आमच्या वस्तीला भीती वाटते असं ठरलं.

सरकारनं ती मनावर घेतली. पुढच्या हिवाळ्यात भीती घालवायला एक माणूस खास आमच्या वस्तीत आला. त्यानं डोळा कसा चिरतात त्याची मोठी रंगीत चित्रं आणली होती. तोवर कोणी घाबरलेलं नव्हतं. चित्रं पाहून शेजारचे दोन म्हातारे घाबरले आणि शेवटपर्यंत गेले नाहीत.

"शिबिर कधी हाय पन?" वडिलांनी विचारलं.

"दवंडी होईल ना," तो म्हणाला आणि चित्रं गुंडाळून गेला.

मी तेव्हाही सुट्टीला घरी होतो. मी चिडलो. आत्या चिडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी काठी टेकत वेशीपर्यंत जायची आणि दवंडीवाला उभा राहतो त्याच्या समोर, गावाच्या बाजूला, बसून राहायची. लोक हसायचे. एका संध्याकाळी तो आला.

"बाई, इथं काहून बसून राह्यली?"

"तुया तोंडाकडं बसली. पाठीकडं बसून पाह्यलं, काई आयकू येत नाई."

त्यानं आधी तिलाच सांगितलं की उद्या सकाळी चावडीपाशी जीप येणार, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्या वस्तीत शिरून ओरडला. गावाला मग दवंडी जरा उशिरानं मिळाली. कोणाचं काही बिघडलं नाही.

वाशिमच्या शिबिरात शाळेच्या व्हरांड्यात मोठी रांग होती. आत्याचा हात धरून मी उभा होतो. तरुण डॉक्टरांनी बॅटरीनं तिचे डोळे तपासले आणि दुसऱ्यांदा डावा डोळा पाहिला. उजव्याची शस्त्रक्रिया होईल म्हणाले. डावा गेला. मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला होता. मागच्या वर्षी आणला असता तर वाचला असता.

"इतकं का थांबलात, आजी?" त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता. "भीती वाटली?"

मी तोंड उघडलं. वेस, दवंडी, पाठ, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. आत्यानं माझा हात दाबला.

"हो बापा," ती म्हणाली. "भेली."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर माझा तोल गेला. तू खोटं काहून बोलली, म्हणून मी तिच्यावर भर व्हरांड्यात ओरडलो. तो राग माझा अजून गेलेला नाही.

"मांगं लाईन केवढी व्हती, बापू," आत्या म्हणाली. "आपलं सांगत बसलो असतो त त्याइचे डोळे खोळंबले असते."